वर्षाच्या पंगतीतली जागा

तिबिलिसी, २३ फेब्रुवारी

बाबा,

हे पत्र तुम्ही उघडणार नाही हे मला माहीत आहे. एतेरी आत्या उघडेल आणि मोठ्याने वाचेल. तुम्ही शेगडीपाशी बसून वेलींच्या काठ्या तासत राहाल आणि ऐकू येत नाही असं दाखवाल. फोन तुम्ही घेत नाही. आत्याच म्हणाली, "पत्र लिही. कागदाला काही तो हाकलून देणार नाही."

गेल्या रविवारी जेवताना, हातात पेला धरून, गुराम काका आणि पाद्रीबाबांच्या समोर तुम्ही काय म्हणालात ते माझ्यापर्यंत पोचलं. "जिला भावाचं एक वर्ष पाळता आलं नाही, तिला त्याच्या वर्षाच्या पंगतीत जागा नाही." गावातला सगळ्यांत मोठा तमादा, पंगतीत पेले उचलून बोलणारा म्होरक्या, पेला हातात धरून बोलला की तो शब्द मागे घेता येत नाही, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. म्हणजे ऑक्टोबरात मिरियानला वर्ष होईल तेव्हा सगळं गाव आपल्या अंगणात जेवेल आणि मी नसेन. यावर रागावून लिहीत नाही. फक्त जे झालं ते जसं झालं तसं तुम्हाला कळावं, एवढंच.

तुम्ही पाहिलात तो व्हिडिओ खरा आहे. मी क्लबात गाणी लावायच्या यंत्रामागे उभी आहे, हात वर आहे, आणि हसते आहे. कशाला हसले ते सांगते. समोरच्या कठड्याला टेकलेल्या एका मुलीने फोनवर काहीतरी लिहून माझ्यापुढे धरलं: 'मला लघवीला जायचंय पण सोडून जाववत नाही, एखादं वाईट गाणं कधी लावणार?' मी हसले. मिरियान गेल्यानंतर पहिल्यांदाच. तेवढंच कोणीतरी टिपलं. (आत्या, लघवीचं वाचलं नाहीस तरी चालेल.)

चाळीस दिवस मी घरीच होते. नंतर परत आले. तुम्ही वाइन प्यायचं शिंग खुंटीला टांगलंत, लग्नाची बोलावणी परत पाठवलीत, तुमच्यासारखा तमादा चार महिने कोणाच्या मेजावर बसला नाही. मी मात्र बसले. हे मला दिसत नाही असं नाही. पण घरातल्या शांततेत मला सतत घाटातला मिरियानचा तो ट्रक ऐकू यायचा. इथे निदान दुसरं काहीतरी ऐकू येतं.

काळं मी सोडलेलं नाही. इथे सगळेच काळं घालून येतात, म्हणून मी सुतकात आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पीत नाही. पेल्याला पेला लावत नाही. पाद्रीबाबांना विचारून पाहा, मी त्यांना विचारलं होतं.

तुमची तेक्ले


तिबिलिसी, १७ एप्रिल

बाबा,

आत्या सांगते की मागचं पत्र वाचताना तुमचा चाकू दोनदा थांबला. कुठे थांबला ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. आज कामाचं लिहिते. तुम्ही म्हणायचात ना, की माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारलं की तो खोटं कमी बोलतो.

माझी वेळ रविवारी सकाळी आठ ते बारा. तुम्ही चर्चमध्ये उभे असता तेव्हा. रात्रभर नाचलेले लोक माझ्याकडे येतात. शटरच्या फटीतून ऊन आत आलेलं असतं, सगळ्यांचे चेहरे खरे दिसायला लागलेले असतात. शेवट करायचं काम माझं.

डिसेंबरात परत आले तेव्हा मी फक्त मला हवं तेच लावलं. जड, संथ, तळघरात कोणी कण्हतंय असं. प्रामाणिक राहायचं तर असंच, असं मला वाटत होतं. पुढच्या रांगेतले माझे मित्र डोळे मिटून डोलत होते, त्यामुळे सगळं बरं चाललंय असा माझा समज झाला. दहा वाजता रेझो, क्लबचा मालक, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "तेक्ले, मागे बघ." लोकांच्या मागे, कोट टांगायच्या जागेपाशी, घरी निघालेल्यांची रांग लागली होती. तो म्हणाला, "रडायला लोकांना घर आहे. तिथे फुकटात होतं." पुढच्या आठवड्यातही तेच झालं. मग तो म्हणाला की आणखी एकदा असं झालं तर रविवार दुसऱ्याला देईन.

म्हणून पुढच्या वेळी मी त्यांना जे हवं तेच दिलं. सगळं. त्यांनी मागायच्या आधी. ठोक्यामागून ठोका, कुठे श्वास नाही. फ्लोअर खचाखच. व्हिडिओ त्या सकाळचा आहे. रेझोने मला मिठी मारली आणि मी घरी जाऊन साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. काहीतरी चोरलंय असं वाटत होतं, पण कोणाचं ते कळेना.

तेव्हा मला तुमची मेजं आठवली. आई गेल्यावर तुम्ही आम्हा दोघांना सगळ्या पंगतींना बरोबर न्यायचात. मिरियान मेजाखाली झोपायचा, मी जागी राहायचे. तुम्ही मृतांसाठी पेला उचललात की त्याच्यामागे लगेच प्रेमाचा पेला कधी घेत नसायचात. मध्ये एक पेला ज्यांनी वेली लावल्या त्यांच्यासाठी. त्यात मेलेलेही असत आणि पिकणारी द्राक्षंही. लोकांना आपण इकडून तिकडे कसे आलो ते कळतच नसे. आणि तुम्ही जवळच्यांकडे बघतच नव्हता. जवळचे कायम माना डोलावतात. तुमची नजर मेजाच्या पार टोकाला, जिथे कोणाच्या तरी हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला गेला आहे तिथे.

आता मी कोटांच्या खुंट्यांकडे बघते. पुढची रांग बघत नाही. त्यांचं एक गाणं, मग दोघांच्या मधलं एक, मग माझं. माझं आलं की मी खुंट्यांवरचे कोट मोजते. परवा कोणी गेलं नाही.

तेक्ले


तिबिलिसी, ९ जून

बाबा,

एक गोष्ट केली आहे. आधी विचारायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात तुम्ही, मिरियान आणि गुराम काका हौदात द्राक्षं तुडवताना गात होता, ते मिरियानने फोनवर टिपून मला पाठवलं होतं. मध्येच काका घसरतात आणि शिवी देतात, आणि तुम्ही खालचा सूर न सोडता हसता. तो तुकडा मी रविवारी लावला. शिवी काढली.

सुतकाच्या वर्षात तुमचा आवाज नाचायच्या जागी. मी आठवडाभर झोपले नाही यावर. शेवटी असं ठरवलं की लोक उड्या मारत असतील तर लावायचा नाही. त्यांना हळूहळू खाली आणलं, ठोका काढत काढत नुसता पावलांसारखा आवाज उरेपर्यंत. मग तुम्ही आलात. कोणी ओरडलं नाही, कोणी नाचणं थांबवलंही नाही. एक दणकट माणूस, गळ्यापर्यंत गोंदलेला, भिंतीला पाठ लावून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. त्याला तो सूर माहीत होता. कुठल्या गावचा, काय माहीत.

नंतर रेझो म्हणाला, "ते म्हातारे कोण? त्यांना पुढच्या रविवारी बोलाव." मी म्हटलं, त्यातला एक म्हातारा नाही.

तुम्हाला हे आवडलं नसेल तर आत्याजवळ तसं म्हणा. पुन्हा लावणार नाही.

तेक्ले


तिबिलिसी, २५ ऑगस्ट

बाबा,

आत्या, हे पत्र तू सगळं वाच. एकही ओळ गाळू नकोस. मी आजवर तुझ्याकडे काही हट्टाने मागितलेलं नाही.

काल गुराम काका वाइन विकायला शहरात आले होते. मी त्यांना जेवायला नेलं. बोलता बोलता ते म्हणाले, "पोरगा ऐकणाऱ्यातला नव्हता गं. तुझा बाप शाल्वा नको नको म्हणत होता, राहू दे द्राक्षांची दुसरी खेप, उद्या बघू. पण हा चढलाच ट्रकवर. जवान पोराला कोण अडवणार?" मी विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या बापानेच. चाळीसाव्या दिवसाच्या पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलं की. तू तेव्हा आत भांड्यांत होतीस."

मी काट्याने ताटातला राजमा एका बाजूला करत राहिले.

बाबा, मिरियानने त्या दिवशी दुपारी मला फोन केला होता. तुम्हाला हे ठाऊक नाही, कारण मी कोणालाच सांगितलं नाही. तो म्हणाला, "ए कोंबडे, म्हातारा म्हणतोय पावसाच्या आत आणखी एक खेप टाक. ब्रेक मऊ झालेत हे सकाळीच सांगितलंय त्याला. म्हणतो, घाट काय आज पहिल्यांदा उतरतोयस? संध्याकाळी बोलतो." बस एवढंच. मागे लोक हसत होते.

मी हे कधीच बोलणार नव्हते. तुमच्या हातून झालं म्हणून आता बोलते असं नव्हे. हंगामात सगळेच बाप आणखी एक खेप म्हणतात. पाऊस येणार होता. मी असते तर मीही म्हटलं असतं. पण तुम्ही ते त्याच्या माथी मारलंत. तो हट्टी होता, असं गाव आता म्हणतं. वर्षाच्या पंगतीतही म्हणेल, मृतांसाठी पावावर वाइन ओतत म्हणेल. आणि मी एका मुलीच्या फोनकडे बघून हसले म्हणून मला तिथे जागा नाही.

तुम्ही वर्षभर कुठल्या मेजावर बसला नाहीत ते दुःखाने, असं मला वाटत होतं. आता वाटतं, पेला हातात घेऊन खोटं बोलता येणार नाही म्हणून बसला नाहीत.

तेक्ले


तिबिलिसी, १८ सप्टेंबर

बाबा,

तुमचा फोन येऊन गेल्यावर मी किती तरी वेळ जिन्यातच बसून होते. तुम्ही बोललात ते नीट ऐकलं का, या शंकेने लिहिते आहे. काही चुकलं असेल तर कळवा.

आधी आत्याने सगळं सांगितलं होतं. तिने माझं ऐकलं नाही, अर्धंच वाचलं आणि कागद घडी करून एप्रनमध्ये ठेवले. तुम्ही म्हणालात, "तीन कागद आले. तू दीड वाचलास." हात पुढे केलात. मग ते घेऊन वाइनच्या कोठारात गेलात आणि दार लावून घेतलंत. जेवायला आला नाहीत. आत्या रडत मला म्हणाली, "तू बापाला मारायला निघालीस का?" पत्र पेटीत टाकल्याक्षणी मला ते परत हवं होतं. हातही आत घालून पाहिला, मनगटाशी अडकला.

तुम्ही फोनवर जे म्हणालात ते मी लगेच लिहून ठेवलं: "पंगतीला ये. आत स्वयंपाकघरात थांब. मी ते सगळ्यांसमोर सांगणार आहे, पेला हातात घेऊन, जसं झालं तसं. तुझ्याबद्दल बोललेला शब्द मला मागे घेता येत नाही. पण तो शब्द बोलायची माझी लायकी नव्हती, एवढं सांगता येतं. ते सांगून झालं की तुला हाक मारीन. तेव्हा येऊन बस."

मी विचारलं, "आणि नाही सांगता आलं तर?" तुम्ही म्हणालात, "तर हाक कुठल्या तोंडाने मारू?"

बरोबर ऐकलं ना मी? मी येते. आदल्या दिवशी येते, आत्याला गहू निवडायला मदत करीन.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही माझ्या कामाचं पहिल्यांदाच विचारलंत, "लोक थांबतात का?" थांबतात, बाबा. आता थांबतात.

तेक्ले


तिबिलिसी, १६ ऑक्टोबर

बाबा,

तुम्ही मेजावर होता, मी आत. तुम्हाला तिथून जे दिसलं नसेल तेवढंच लिहिते.

स्वयंपाकघराच्या दारातून अंगणातली तिन्ही मेजं दिसत होती. आत्याने मला मृताच्या नावाने शिजवलेले मध-मनुकांचे गहू वाढून द्यायला बसवलं होतं. तमादा गुराम काका होते आणि त्यांचा जीव त्यात नव्हता, पण दुसरा कोण बसणार. त्यांनी मिरियानसाठी पेला उचलला. मग आईसाठी. मग आजोबांसाठी, मग युद्धात गेलेल्यांसाठी, मग पुन्हा मिरियानसाठी. एकामागून एक थडगी. मांस तसंच थंड होत होतं. मिरियानचे शाळेतले मित्र एकेक करून कुंपणापाशी सिगारेट ओढायला गेले आणि परत आले नाहीत. बायका ताटाकडे बघत होत्या. मला वाटलं, हे रेझोने पाहिलं तर म्हणेल, मागे बघ.

तेव्हा तुम्ही दारात आलात. वर्षभराची दाढी, हातात भरलेला पेला, आणि वाइन बोटांवरून सांडत होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, मेजांकडेच पाहत होतात. म्हणालात, "आत्ता सांगू का?"

बाबा, एवढ्या वर्षांत तुम्ही कोणाला असं विचारताना मी पाहिलं नव्हतं. तुम्हाला मेज दिसतच नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. तुम्हाला फक्त तुमचा पेला दिसत होता.

मला ते हवं होतं. देवाशपथ हवं होतं. तुम्ही सांगावं, मिरियानच्या माथ्यावरचं उतरावं, आणि मला हाक यावी. पण मी बाहेर पाहिलं, आणि ते लोक गळ्यापर्यंत भरले होते. त्यांच्यात थेंबभर जागा नव्हती. आत्ता त्यांना ब्रेकचं सांगितलं असतं तर त्यांनी ते ऐकलं नसतं, नुसतं ओकलं असतं. घरी जाताना म्हणाले असते, शाल्वाने पोराला मारलं. आणि तेवढंच उरलं असतं, तुमचंही आणि त्याचंही.

मी म्हटलं, "आत्ता नको. आधी त्यांना वर आणा. मग सांगा."

"कशाने?"

"मुलांसाठीचा घ्या. मिरियान लहान होता तेव्हाचं काहीतरी. जेवू द्या त्यांना."

तुम्ही गेलात. गुराम काकांच्या खांद्यावर हात ठेवलात आणि ते लगेच बसले, सुटल्यासारखे. आणि तुम्ही सांगितलंत, पाच वर्षांचा मिरियान जमिनीत पुरलेला वाइनचा रिकामा रांजण घासायला आत उतरला आणि बाहेर यायला तयार होईना, कारण आत त्याचा आवाज मोठ्या माणसासारखा घुमत होता, तुम्ही वरून ओरडत होता आणि तो खालून तुमच्याच आवाजात उत्तर देत होता, "शाल्वा, मला जेवायला आत पाठव." लोक हसले. आधी दबकत, मग मोकळे. मागून कोणाला तरी रडू फुटलं, पण ते बरं रडणं होतं. कुंपणापासचे परत आले. ताटं हलली. कोणीतरी पहिला सूर धरला, आणि तुम्ही खालचा. मी आत गव्हाचं पातेलं पोटाशी धरून उभी होते. याहून चांगलं मेज मी तुमच्याही हातून पाहिलेलं नव्हतं.

गाणं संपल्यावर तुम्ही दाराकडे पाहिलंत. मी मान हलवली: नको, अजून नको. ते नुकते कुठे वर आले होते. तेव्हा सांगितलं असतं तर पडले असते. तुम्ही आणखी एक पेला घेतलात, शेजाऱ्यांसाठी. पुन्हा पाहिलंत. मी पुन्हा मान हलवली. त्या वेळी मी खरंच मेज बघत होते की मला ते असंच राहायला हवं होतं, हे आता सांगता येत नाही. तिसऱ्यांदा तुम्ही पाहिलं नाहीत. तोवर म्हाताऱ्या शाली गुंडाळायला लागल्या होत्या, गाड्या वळत होत्या. गुराम काका तुमच्या गळ्यात पडून म्हणाले, "शाल्वा, परत आलास रे." सगळे तेच म्हणत होते. पाद्रीबाबाही.

फाटकात दोन माणसं बोलत होती ते मला ऐकू आलं. "पोरगा मात्र हट्टी," एक म्हणाला. "हट्टी, पण गोड होता," दुसरा म्हणाला.

तुम्ही आत आलात, पाणी प्यायलात. माझ्याशी बोलला नाहीत. सकाळी मी मिनीबसने निघाले तेव्हा तुमच्या खोलीचं दार बंद होतं. आत्या सांगते, पुढच्या महिन्यातल्या एका लग्नाला तुम्ही हो म्हणालात.

पंगत मी बरोबर वाचली होती. त्याबद्दल मला शंका नाही, बाबा, आणि म्हणूनच झोप येत नाही. चुकले असते तर तुमची क्षमा मागता आली असती. तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही पेला भरून आला होता. मी थांबवलं.

आत्याने माझं ताट मांडून ठेवलं होतं, तुमच्यापासून तिसऱ्या जागेवर. सगळे गेल्यावर मेजं आवरताना ते मीच उचललं. त्याला कोणी हात लावला नव्हता. तरी धुतलं, पुसलं आणि बाकीच्यांत ठेवून दिलं.

तेक्ले